वन्संनी निवडलेले चार प्लग

माझ्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, तेहेतीस वर्षं एकच काम केलं. विजेच्या खांबांवर तारा पेलणाऱ्या चिनी मातीच्या जाड पांढऱ्या वाट्या असतात ना, त्या भट्टीतून निघाल्या की तपासणीला वन्संच्या टेबलावर यायच्या. प्रत्येक वाटी दोरीला टांगायची, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायची आणि ऐकायचं. नाद घंटेसारखा लांबला तर वाटी उजवीकडे, दबका आला तर डावीकडे. डावीकडची फोडून टाकायची. एखाद्या वाटीबद्दल शंका आली तर ती लाल रंगात बुडवून पुसायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर ती रंग पिऊन लाल रेघ दाखवते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नणंद आपली पारख करणार, अशी मनाची तयारी करूनच आले होते. वन्संनी पारख केली ती माझ्याबरोबर आलेल्या कपबशांची. बारा कपांना नखानं टिचक्या मारल्या, एक बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा सहा महिने जाईल." पाचव्या महिन्यात चहा ओतताना त्या कपाचा कान माझ्या हातात राहिला आणि कप खाली गेला. स्वतः वन्संनी लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "दोन स्थळं वाजवून बघितली. आवाज मनासारखा आला नाही."

साठाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. आमचं घर म्हणजे खाली गॅरेज, वर तीन खोल्या, मागच्या बाजूनं लोखंडी जिना. ह्यांचं गॅरेज जरा वेगळ्या गाड्यांचं आहे. कारखान्यानं जेवढा जोर दिला तेवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही, असे लोक ह्यांच्याकडे येतात. इंजिनात जास्त हवा कोंबायची, त्या मापानं पेट्रोल द्यायचं आणि एवढं करून आतलं काही फुटणार नाही याची काळजी घ्यायची, हे ह्यांचं तीस वर्षांचं काम. त्यात ह्यांचं नाव आहे, आणि नावाबरोबर येतो तो ताठाही थोडा आहे.

वन्सं फारशा खाली उतरायच्या नाहीत. गॅरेजात आवाज फार, म्हणायच्या. दुपारी खालचं काम थांबलं की मात्र एक चक्कर मारायच्या, हात मागे बांधून, शाळा तपासायला आल्यासारख्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्यांच्या गिऱ्हाइकांत एक दातांच्या डॉक्टर आहेत. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावतात आणि रविवारी गावाबाहेरच्या बंद ट्रॅकवर गाडी पळवतात. बोलायला मऊ, गाडी चालवायला तिखट. त्यांची चार सिलिंडरची टर्बो गाडी ह्यांनीच तयार केली होती. एका रविवारी चौथ्या फेरीला इंजिन खडखडलं, त्यांनी ताबडतोब बंद केलं, आणि सोमवारी सकाळी गाडी ट्रकवरून आमच्या दारात आली.

ह्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत उभी ओरबाडली गेली होती आणि पिस्टनच्या डोक्यावर कुणीतरी खिळा आपटल्यासारखे खड्डे पडले होते. प्लग काढून बघितला तर त्याचं नाकच गायब.

प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. मधे धातूची काडी, तिच्याभोवती चिनी मातीची नळी, बाहेर आट्यांचं लोखंड, आणि टोकाशी वाकवलेली एक पट्टी. काडी आणि पट्टी यांच्या मधल्या फटीत ठिणगी पडते. इंजिनाच्या आत असतं ते चिनी मातीचं टोक, त्याला नाक म्हणतात. तेच तुटून आत पडलं होतं आणि मिनिटाला सात हजार वेळा धावणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर भरडलं गेलं होतं.

ह्यांनी पेट्रोल तपासलं, इंजिनाच्या संगणकातल्या नोंदी तपासल्या. पेट्रोल भलत्या वेळी पेटून इंजिन आतून ठोकत असतं तर प्लगवर चमकते ठिपके दिसतात, ते नव्हते. मग ह्यांचा निष्कर्ष झाला. "माल नकली आहे," म्हणाले, तुटका प्लग खिशात घातला आणि थेट पार्टवाल्या भावजींच्या दुकानात गेले.

पार्टवाले भावजी म्हणजे ह्यांचे शाळेतल्या बाकावरचे सोबती. पंचवीस वर्षं गॅरेजचा सगळा माल त्यांच्याकडूनच येतो. दुकानात त्या वेळी चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. ह्यांनी प्लग काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नकली माल विकायला लागलास हे मला आधी सांगायचं होतंस, मी दुसरं दुकान बघितलं असतं." भावजींनी प्लग उचलून पाहिला, परत ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक कोण आहे?" घरी येऊन ह्यांनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा आवाजात जिंकल्याचा सूर होता, पण जेवण अर्धं टाकून उठले.

त्या दुपारी वन्संची चक्कर झाली. टेबलावरच्या ट्रेमध्ये तिसऱ्या सिलिंडरमधून गोळा केलेला चुरा होता आणि त्यात एक वाटाण्याएवढा तुकडा शाबूत राहिला होता. वन्संनी तो चिमटीत धरला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग उरलेले तीन प्लग मागितले.

"कशाला?" ह्यांनी विचारलं.

"बघते जरा. चिनी मातीच आहे ना."

हे हसले. "बघ. तुझी पेन्शन वसूल होऊ दे."

वन्सं प्लग घेऊन वर आल्या. मला म्हणाल्या, "वहिनी, लाल शाई आहे का गं घरात?" मी शाळेत शिकवते, माझ्याकडे लाल शाईला तोटा नाही. त्यांनी तिन्ही प्लगांची टोकं रॉकेलनं धुतली, वाळवली, एका वाटीत शाई ओतून त्यात बुडवून ठेवली आणि भाजी निवडायला बसल्या. तासाभरानं प्लग काढून पुसले. माझ्या चष्म्यावर त्यांचं भिंग धरून मला बघायला लावलं. तीनपैकी दोन प्लगांच्या नाकावर केसाएवढी लाल रेघ होती.

"म्हणजे माल खराबच," मी म्हटलं.

"रेघ कुठल्या बाजूला आहे ते बघ."

दोन्ही प्लगांवर रेघ एकाच जागी होती, वाकवलेल्या पट्टीचा पाय जिथे असतो त्याच्या बरोबर समोर. मग त्यांनी तो वाटाण्याएवढा तुकडा दाखवला. तुटलेली बाजू पांढरीशुभ्र होती, फक्त कडेला नखाच्या कडेसारखी बारीक चंद्रकोर तपकिरी होती. "पांढरं ते रविवारी तुटलं," वन्सं म्हणाल्या, "तपकिरी ते त्याच्या कितीतरी आधी. चीर आधीपासून होती, तिच्यात धूर शिरत होता. रविवारी तिनं फक्त हात सोडला." मग तुकडा खाली ठेवून म्हणाल्या, "मातीत दोष असता तर चीर वाटेल तिथे गेली असती. ही कुणीतरी एकाच बाजूनं दाबल्यावर जाते तशी आहे."

कुणीतरी म्हणजे कोण, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. प्लग बसवण्याआधी फट जुळवायचं काम हे दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

"सांगाल त्यांना?" मी विचारलं.

"सांगायला तर हवं. पण खाली नको, कुणासमोर नको." त्यांनी शाईची वाटी धुऊन ठेवली. "कारखान्यात वाटी बाद करायला मला कधी जड गेलं नाही. त्या वाटीला मी लहानपणी कडेवर घेतलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला वन्संनी तिन्ही प्लग टेबलावर मांडले. आरोप केला नाही, प्रश्न विचारला.

"बाळ्या, हा प्लग इंजिनात बसला की ही पट्टी कुठल्या दिशेला तोंड करून असते?"

हे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पण घरात बाळ्याच. "कुठल्याही. प्रत्येकाचा आटा वेगळ्या जागी सुरू होतो, त्यामुळे घट्ट झाल्यावर पट्टी कुठे येईल ते सांगता येत नाही."

"चारही प्लगांची वेगळीकडे?"

"हो. का?"

"मग मातीचा दोष म्हण की इंजिनातल्या आगीचा धक्का, दोन प्लगांना पट्टीच्या हिशेबानं एकाच बाजूला चीर कशी पडेल?"

ह्यांनी कप खाली ठेवला. भिंग घेतलं, दोन्ही लाल रेघा बघितल्या. वन्सं पुढे म्हणाल्या, "फट तू कशी जुळवतोस ते मला दाखव."

दाखवायची गरज नव्हती. मीसुद्धा हजारदा पाहिलंय. जास्त हवा कोंबलेल्या इंजिनात ठिणगी विझू नये म्हणून पट्टी हलकेच ठोकून फट बारीक करायची, जास्त बारीक झाली तर पातळ स्क्रू-ड्रायव्हरचं पातं आत सरकवून पट्टी उचलायची. उचलताना पात्याचा टेकू मधल्या काडीवरच येतो आणि तो दाब तिच्याभोवतीच्या नाकावर एकाच बाजूनं पडतो.

"सगळी दुनिया असंच करते," हे म्हणाले. "तीस वर्षं करतोय. एक प्लग तुटला नाही."

"तीस वर्षं हेच प्लग होते?"

हे उठले आणि जिना उतरून गेले. पूर्वीचे प्लग जाड काडीचे असायचे. त्याआधीच्या दोन वर्षांत सुईसारख्या टोकाचे महागडे आले होते, ते जास्त चांगले म्हणून ह्यांनी डॉक्टरबाईंच्या गाडीला आवर्जून तेच बसवले होते.

दोन दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज.  तिसऱ्या दिवशी दुपारी हे वर आले आणि कोऱ्या खोक्यातले दोन प्लग वन्संसमोर ठेवले. "हे दोन्ही शाईत घाल," म्हणाले. कुठल्याचं काय केलंय ते सांगितलं नाही. शाईतून निघाल्यावर एक प्लग कोरा होता. दुसऱ्याच्या नाकावर, पट्टीच्या समोर, लाल केस.

"ह्याची फट मी उघडली होती," हे म्हणाले. "दुसऱ्याला हात लावला नव्हता."

 हे खुर्चीत बसले आणि दोन्ही हात पालथे-उताणे करून बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "जोरसुद्धा लावला नव्हता गं ताई. नेहमीएवढाच."

"एवढ्या बारीक काडीला नेहमीएवढा पुष्कळ होतो," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या हाताची चूक नाही. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की वस्तू बदललीय."

त्याच संध्याकाळी हे भावजींच्या दुकानाकडे निघाले. मला बाजारात काम होतं म्हणून मीही बरोबर. दुकान रिकामं होतं, तरी हे समोरच्या फुटपाथवर उभे राहिले.

"आता कशाला थांबलात?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकं येऊ देत. बोललो ते चार जणांदेखत बोललो होतो."

वीस मिनिटं उभे होतो. आत तीन माणसं गेल्यावर हे आत गेले आणि जेवढ्या आवाजात बोलले होते तेवढ्याच आवाजात म्हणाले, "तुझा माल चोख होता. प्लग मी मोडला. त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं." गिऱ्हाइकं आपापल्या याद्या वाचायला लागली. भावजींनी कापडानं काउंटर पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"कुणी शोधून काढलं?"

"ताईनं."

"वाटलंच. तुझं डोकं एवढं चालत असतं तर शाळेत माझी वही कशाला लागली असती." मग म्हणाले, "नवे प्लग लागतीलच. उद्या तिला घेऊन ये. तुला एकट्याला विकणार नाही मी."

पण त्याआधी डॉक्टरबाईंना सांगायचं होतं, आणि ते ह्यांना सर्वांत अवघड गेलं. त्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मधल्या सुट्टीत आल्या. ह्यांनी सगळं क्रमानं सांगितलं, दुरुस्ती गॅरेजकडून होईल हेही सांगितलं, आणि लाल रेघेचा प्लग त्यांच्या हातात दिला. डॉक्टरबाईंनी पर्समधून स्वतःचं भिंग काढलं.

"दाताची चीर शोधायला आम्हीही हेच करतो," त्या म्हणाल्या. "फक्त आमचा रंग निळा." बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे आधी माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी उघड्या इंजिनाकडे बघितलं, सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरवलं. "गाडी इथेच राहू दे," शेवटी म्हणाल्या. "पण प्लग बसवाल त्या दिवशी मला बोलवा. विश्वास नाही म्हणून नाही. म्हणजे, थोडा कमी झालाय, खोटं कशाला बोलू."

"बोलावतो," हे म्हणाले. रागावले नाहीत.

त्याच संध्याकाळी भावजींच्या काउंटरवर चार प्रकारचे प्लग मांडले गेले. वन्संना स्टूल दिलं होतं. पहिला होता सुईच्या टोकाचा. वन्संनी विचारलं, "ह्याची फट आम्हाला हवी तेवढी करून मिळते का?" भावजी म्हणाले, नाही, ह्या नमुन्यात कारखान्यातून मोठीच येते. "मग नको. ज्याला नंतर हात लावावा लागेल तो नकोच." दुसरा जाड काडीचा, पण त्याचं नाक लांब, लोखंडाच्या खूप बाहेर आलेलं. वन्संनी तो आडवा धरला. "जेवढं उघडं तेवढं तापणार आणि तेवढं हलणार."

इथे ह्यांनी तोंड उघडलं. "ज्या प्लगाचं नाक आखूड, तो उष्णता लवकर हेडकडे सोडतो. त्याला आम्ही थंड प्लग म्हणतो. जोर वाढवलेल्या इंजिनाला तसाही एक पायरी थंडच लागतो."

"मग आखूडच द्या."

"फार आखूड नको. दोन पायऱ्या थंड घेतला तर काजळी धरेल, सकाळी गाडी सुरू व्हायला रडेल. एकच पायरी."

तिसरा त्या मापाचा होता, पण त्याच्या आट्यांची लांबी ह्यांनी जुन्याशी लावून बघितली तर दोन मिलिमीटर जास्त. तो ह्यांनी स्वतःच बाजूला सारला. आत जास्त शिरलेला प्लग पिस्टनला भेटला तर पुन्हा तीच कहाणी. उरला चौथा. जाड काडी, आखूड नाक, रुंद आणि आखूड पट्टी, आटे बरोबर, आणि फट कारखान्यातूनच पॉइंट सात मिलिमीटरची, म्हणजे ह्यांना हवी तेवढीच. दिसायला अगदी साधा. भावजी म्हणाले, "हा त्या सुईवाल्याइतका टिकणार नाही. झिजतो. दर हंगामात बदलावा लागेल."

"झिजला तर बदलता येतो," वन्सं म्हणाल्या.

खोकी आली. चारपैकी एका खोक्याचा कोपरा चेपलेला होता. वन्संनी ते न उघडताच परत सरकवलं.

"अहो ताई, आत प्लग ठीक आहे."

"पडलाय ना?"

भावजींनी वरच्या फळीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "पडला असेल एखाद वेळी."

"मग दुसरा द्या. तो दुचाकीलाही विकू नका."

भावजींनी तो खाली ठेवला. त्यांनी तो पुढे विकला की नाही ते मला माहीत नाही. तेवढी चौकशी कुणी करू नये.

इंजिन जुळायला पाच आठवडे लागले. प्लग बसवायच्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. ह्यांनी प्लगाच्या पान्यातलं रबर आधीच नवं घातलं होतं. जुनं झिजलेलं रबर प्लग तिरका धरतं आणि तिरका धरला की चिनी माती वरच्या बाजूनं तडकते, हेही आता ह्यांना खटकायला लागलं होतं. चारही प्लगांची फट फक्त मोजली, बदलली नाही. हातानं आटे बसवले, मग ज्या पान्यावर जोर मोजता येतो त्या पान्यानं, ठरल्या मापाला खट्‌ आवाज येईपर्यंत. पूर्वी हे काम अंदाजानं व्हायचं. डॉक्टरबाई शेजारी उभ्या राहून दवाखान्यातल्या छोट्या आरशानं बघत होत्या आणि वन्सं त्या आरशाकडे असूयेनं बघत होत्या. जाताना डॉक्टरबाईंनी तो त्यांनाच दिला.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे ट्रॅकवर गेलो. भावजी दुकान बंद ठेवून आले. वन्सं कानांत कापूस घालून बसल्या. बारा फेऱ्या झाल्या, गाडी नीट आत आली. इंजिन निवल्यावर ह्यांनी प्लग काढून रुमालावर ओळीनं मांडले. चारही नाकं फिक्या तपकिरी रंगाची, कोरडी, शाबूत. ह्यांनी रुमाल तसाच वन्संकडे सरकवला. त्यांनी चारही नीट बघून मान हलवली. मग डॉक्टरबाईंनी वन्संना शेजारी बसवून एक सावकाश फेरी मारून आणली. कशी होती गाडी, असं विचारल्यावर वन्सं म्हणाल्या, "पाय लांब करायला जागा नाही."

त्या हंगामानंतर ह्यांचं एक गिऱ्हाईक मात्र कायमचं गेलं. प्लगाची गोष्ट गावभर झाली होती, आणि चूक कबूल करणाऱ्या माणसाकडे गाडी न्यायला काही लोक बिचकतात. ह्यांना ते लागलं. पण ती गोष्ट कुणालाही सांगताना हे अजूनही स्वतःच्या हातापासूनच सुरुवात करतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी दुसरी गाडी घेतली, सहा सिलिंडरची. आज सकाळपासून खाली त्याच गाडीचं चाललंय. मी वह्या तपासत वर बसलेय आणि जिन्यातून दोघांचं बोलणं ऐकू येतंय. हे म्हणताहेत की ह्या इंजिनाला सुईच्या टोकाचाच प्लग लागतो, कंपनीनंच तसं सांगितलंय आणि फटही तयार येते. वन्सं म्हणताहेत, मग आधी मोजून दाखव. भावजीही आलेत बहुतेक, कारण दोघांच्या चहावर आता तिसराही मागितलाय.